लिनक्स, शेरडं आणि आप्पांची हाक

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो एका गैरसमजामुळं, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या गैरसमजाचं देणं लागतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, तुळजापूरला कचेरीत कारकून होते. मी डिप्लोमाला लागलो तेव्हा कॉम्प्युटर घ्यावा लागणार हे त्यांना कळून चुकलं होतं. पण कॉम्प्युटर म्हणजे गेम आणि गेम म्हणजे पोरगं वाया, हेही त्यांना तितकंच पक्कं ठाऊक होतं. यावर कचेरीतल्या कुणा जाणत्यानं त्यांना तोडगा सांगितला. "लिनक्स टाकून घ्या. एक तर फुकट असतं, आणि त्याच्यावर गेम चालतच नाहीत." अण्णांना एवढंच हवं होतं. लोक राखणीला कुत्रं आणतात, अण्णांनी लिनक्स आणलं. सोलापूरहून एसटीनं आम्ही आमच्या गावी, अणदूरला आलो, मॉनिटर अण्णांच्या मांडीवर आणि डबा माझ्या. सीपीयूला आमच्या घरात शेवटपर्यंत डबाच म्हणत.

डबा ठेवला बाहेरच्या खोलीत. त्या खोलीच्या भिंतीपलीकडं आप्पांच्या शेरडांचं वाडगं, काटेरी कुपाटीनं वेढलेलं. आप्पा माझे थोरले चुलते. आमच्या घरात एक भाऊ कचेरीत गेला आणि एक शेरडांमागं, आणि दोघंही एकमेकांची मनातून कीव करत. सत्तावीस शेरडं, जवळपास सगळी काळीकुळकुळीत, आपल्याकडं असतात तशी उंच आणि लांब कानांची. त्यातली कवडी नावाची एक आप्पांची लाडकी. तिच्या दोन्ही कानांवर कवड्या शिवल्यासारखे पांढरे ठिपके होते. ही शेरडं दिवसभर भिंतीला अंग घासायची, आणि अलीकडं डब्याचा पंखा घरघरायचा. आजही कुठल्या थंडगार ऑफिसात कॉम्प्युटरचा पंखा ऐकला की मला लेंड्यांचा वास येतो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, नाही तर कामं मिळायची बंद होतील.

आई अंगणवाडीत जायची, त्यामुळं दिवसाची चूल काकूंच्या हाती. काकू, आप्पांच्या मंडळी, कर्नाटकातल्या. त्यांच्या हातची भाकरी कागदासारखी पातळ आणि कडक व्हायची, वर शेंगाची चटणी आणि कच्चं तेल. त्या थापता थापता कानडीत स्वतःशीच बोलत आणि वाढताना मराठीत रागवत. बाजारच्या दिवशी मात्र त्यांची खरी किंमत कळे. शेरडं घ्यायला सीमेपलीकडून व्यापारी येत, त्यांना मराठी नाही आणि आप्पांना कानडी नाही. मध्ये काकू. व्यापारी कानडीत म्हणायचा, ही कसली मरतुकडी शेळी. काकू आप्पांना सांगायच्या, "म्हणतायत, जरा बारीक दिसतीया." आप्पा म्हणायचे, "त्याच्या डोळ्यात माती गेली काय इचार." काकू कानडीत नम्रपणे काहीतरी म्हणायच्या आणि व्यापारी हसायचा. सौदा व्हायचा. दोघांनाही आपण समोरच्याला बरोबर सुनावलं असं वाटायचं. मी त्या वेळी हे नुसतं ऐकत होतो. आपण कॉम्प्युटरशास्त्रातला एक महत्त्वाचा धडा बघतोय, याची मला गंधवार्ता नव्हती.

वर्षभर मी लिनक्सवर पत्ते खेळलो. मग एका मित्रानं मोटारींच्या शर्यतीची सीडी दिली आणि माझं चित्त ढळलं. अण्णांपुढं जाऊन मी बाजू मांडली. आमच्या गावचा खंडोबा वर्षातला काही काळ नळदुर्गला राहायला जातो. देव एकच आणि देवळं दोन, आणि दोन्ही गावांना ते मान्य. "तसंच करू अण्णा. डबा एकच. अभ्यासाला लिनक्स, आणि सुट्टीपुरतं विंडोज."

अण्णांनी चष्मा काढला. "देव जातो तो कागद करून जातो. इतके दिवस हिकडं, इतके दिवस तिकडं, सगळं लेखी. तू कागद देतोस का?"

"देतो की."

"बस मग."

पण कागद त्यांनी भलताच केला. कचेरीच्या भाषेत, कडक शाईत: 'कारणे लिहून देतो की, घरातील संगणकावर मी विंडोज टाकणार नाही, कोणाकडून टाकवून घेणार नाही, व टाकल्यास संगणक दुकानात परत जाईल, त्यास माझी हरकत राहणार नाही.' खाली माझी सही, साक्षीला आप्पांचा अंगठा. मी मागायला गेलो होतो परवानगी आणि येताना मनाई घेऊन आलो. असला व्यवहार आमच्या घराण्यात फक्त मीच करू शकतो. काकूंनी ज्वारीच्या पिठाची खळ करून दिली आणि तो करार मॉनिटरशेजारी भिंतीला चिकटवण्यात आला. ही खळ लक्षात ठेवावी, पुढं कामाला येणार आहे.

महिनाभरानं कॉलेजात मला कळलं, की विंडोजचा गेम लिनक्सवर चालवणारं एक दुभाष्या सॉफ्टवेअर असतं. गेम आपल्या भाषेत काही मागतो, ते सॉफ्टवेअर लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतं, आणि लिनक्स जे देईल ते गेमच्या भाषेत परत नेतं. म्हणजे काकूच! मी ते उतरवून घेतलं. आठ दिवस झटापट केली. अखेर मोटार पडद्यावर आली, पण रस्ता आला नाही. काळ्या आभाळात एक लाल मोटार तरंगत होती आणि तिला आवाज नव्हता. मी तोंडानं घुर्र घुर्र करत ती तशीच महिनाभर चालवली. रस्ता कुठं वळतो ते आदळून आदळून पाठ केलं.

एकदा अण्णांनी पाठीमागून बघितलं. "हे काय?"

"लिनक्स आहे अण्णा."

त्यांनी उभ्यानं करार तीनदा वाचला. मग कपाळाला हात लावला. "मसुदाच चुकला माझा." कारकुनाचं इमान असं, की त्यांनी डब्याला हात लावला नाही. जे लिहिलंय ते लिहिलंय.

पण बिनरस्त्याची मोटार किती दिवस चालवणार? डोक्यात किडा आला, की दुसऱ्याचा गेम इथं नीट चालत नसेल तर आपणच इथला गेम करावा. आपल्याला काय येतं? शेरडं येतात. तेवढंच येतं. मग मी खटपट करून एक गेम उभा केला. हिरव्या पडद्यावर सत्तावीस काळे ठिपके, त्यांच्यामागं एक पांढरा ठिपका. काळे ठिपके पिकात घुसतात, पांढऱ्यानं हाक मारली की परत येतात. हाक मात्र खरी पाहिजे, म्हणून मी आप्पांपुढं माइक धरला.

"कुणाला हाक मारू?" आप्पा म्हणाले.

"शेरडांना."

"शेरडं वाडग्यात बसल्याती. उगं कशाला बोलवू? येडा हाय का म्या?"

शेवटी असं ठरलं, की आप्पांना समोर लांबवर काहीतरी दिसायला हवं. माइक काकूंनी धरला आणि मी माळावर जाऊन शेळी झालो. "आजून लांब जा!" आप्पा ओरडले. "पाला खाल्ल्यागत कर!" मी बाभळीखाली वाकलो. रस्त्यानं कॉलेजची दोन पोरं सायकलवर चालली होती, ती थांबून बघत राहिली. मग आप्पांनी हाक सोडली, "ह्येऽऽऽ ये ये ये! कवडेऽऽ! ट्ट ट्ट ट्ट!" वाडग्यातली सगळी शेरडं ताडकन उठून कुपाटीला भिडली. मला ते दिसत होतं. दिसूनही माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही, ही यापुढच्या सगळ्याची हकीकत.

तो दुसरा शनिवार होता. कचेरीला सुट्टी, म्हणून अण्णा बाहेरच्या खोलीत बाजेवर दुपारचे आडवे झालेले. आई अंगणवाडीत. आप्पा बहिणीच्या गावी लग्नाला गेलेले, त्यामुळं शेरडं वाडग्यातच पाल्यावर. कवडी दिवस भरत आलेली. मी आतल्या खोलीत अण्णांचा डोळा लागायची वाट बघत होतो, कारण भजनी मंडळाचा मोठा स्पीकर मी उसना आणून डब्याला जोडला होता. गेम करायचा तर आवाज दणदणीत हवा, अशी माझी समजूत. अण्णा घोरायला लागले. मी पाऊल न वाजवता डब्यापाशी गेलो, खेळ सुरू केला आणि बटण दाबलं.

आप्पांची हाक आख्ख्या आळीवरनं गेली.

पहिल्यांदा कुपाटी मोडल्याचा आवाज आला. मग दार अंधारलं. सत्तावीस शेरडं मालकाच्या आवाजाकडं, म्हणजे स्पीकरकडं, आत घुसली. चार-पाच बाजेवरून, म्हणजे अण्णांवरून गेली. एक बोकड टेबलावर चढला आणि स्पीकरमध्ये आप्पा शोधू लागला. कवडीनं मात्र शांतपणे भिंतीशी जाऊन करार हुंगला, ज्वारीच्या खळीची चव घेतली, आणि वरपासून सुरुवात करून सही-अंगठ्यासकट सगळा खाल्ला.

"एन माडाकत्ती रे?" काय चालवलंयस रे, असं कानडीत ओरडत काकू पिठाच्या हातानं धावत आल्या. रागवतानाही त्यांच्या तोंडून कानडी आलं की काम गंभीर, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

अण्णा उठले ते काठी घेऊनच उठले. काठी फिरली, शेरडं बिथरली आणि दारातून फुटली, आणि फुटली ती थेट हायवेच्या बाजूला. सोलापूर-हैदराबाद हायवे आमच्या घरापासून हाकेवर. तिथं ट्रक शेरडू बघून थांबत नाहीत. अण्णा बनियनवर धावत गेले आणि लाल टॉवेल हलवत रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आयुष्यभर ज्यांनी मोठ्या आवाजात काही मागितलं नव्हतं, ते अण्णा ट्रकवाल्यांना ओरडून थांबवत होते. मी हाक मारली. आप्पांसारखी, अगदी जिभेच्या ट्ट ट्ट सकट. एका बोकडानं वळून बघितलं, त्याला माझी लाज वाटली असावी, तो पुढं गेला.

"तुझ्या न्हाय येणार," काकू म्हणाल्या. "ह्यांच्याच आवाजाला येत्यात ती. ह्यांना कुठनं आणू आता?"

आणि मला डबा आठवला. काकूंकडं भावानं दिलेला चिनी मोबाइल होता, ज्याची रिंग शिवारभर ऐकू जायची. मी त्यात हाकेची फाइल घातली. मोबाइलला ती उमगेना. लिनक्सवर एक आज्ञा देऊन मी ती त्याला कळेल अशी करून दिली, पण घाईत दुप्पट वेगाची केली. माळावर जाऊन वाजवली तर आप्पा चिचुंद्रीसारखे चिरकले आणि जवळ आलेली तीन शेरडं उलटी पळाली. काकू त्या तसल्या वेळीही पदर तोंडाला लावून हसल्या. परत घरी पळत गेलो आणि फाइल नव्यानं केली. या वेळी बरोबर झाली.

मग मी मोबाइल हात उंच करून धरला आणि चालत राहिलो. आप्पा माझ्या मुठीतून हाक देत होते आणि बांधाआडून, उसातून, पुलाखालून काळी शेरडं एकेक करून वर येत होती. पंचवीस मिळाली, सव्वीस मिळाली. कवडी नाही. उन्हं कलली. हायवेवरून प्रत्येक मोठा ब्रेक ऐकला की आम्ही दोघं थांबायचो. मला गेम, कॉलेज, डबा, कशाचं काही वाटत नव्हतं. आप्पा उद्या येऊन कान बघतील, आणि ठिपक्यांचे कान नसतील, एवढंच दिसत होतं. मोबाइलच्या बॅटरीची एक कांडी उरली तेव्हा ओढ्यापलीकडच्या तुरीतून बारीक आवाज आला. मी परत हाक वाजवली, परत आवाज आला. तुरीत घुसलो तर कवडी बसलेली, आणि तिच्या पुढ्यात ओली दोन करडं उठायच्या खटपटीत. एकाच्या कानावर ठिपके होते.

रविवारी सकाळी आप्पा आले तेव्हा डबा पोत्यात बांधून दारात ठेवलेला होता. अण्णांचं म्हणणं सरळ होतं. करार राहिला नाही, करार नसताना डबा ठेवायचा नाही, दहाच्या एसटीनं सोलापूर. आप्पांनी आधी वाडगं बघितलं. करडं उचलून बघितली. मग बाजेवर बसून सगळी हकीकत काकूंकडून ऐकली आणि म्हणाले, "ती हाक लाव बघू."

मी मोबाइलवर लावली. आप्पांनी स्वतःचाच आवाज मान खाली घालून ऐकला.

"ह्यो म्या हाय?"

"व्हय आप्पा."

"लईच वरडतो की म्या." मग त्यांनी अण्णांकडं बघितलं. "शेरडं घरात कुणी बोलवली?"

"ह्यानं, दादा. ह्याच्या डब्यानं."

"आन् हायवेला कुणी घातली?"

अण्णांनी मान वळवली. काठी कोपऱ्यात होती.

"आन् गोळा कुणी केली?"

"...डब्यानंच."

"मग काठी सोलापूरला परत दे," आप्पा म्हणाले, आणि चहा मागितला.

अण्णा पहिल्यांदा हसले असतील तर तेव्हा. त्याच दुपारी नवा करार झाला, एकाच कलमाचा: शेरडं वाडग्यात असताना हाक वाजवायची नाही. तो खळीनं चिकटवला नाही, खिळ्यानं ठोकला.

हे लिहिताना मी चाळिशीत आहे. आत्मकथनाला हे वय फार नाही, पण गेमच्या धंद्यात मी केव्हाच आजोबा झालोय. धाराशिवला स्टँडच्या मागं एका खोलीत आम्ही तिघं छोटे गेम बनवतो आणि ते आधी लिनक्सवर चालवून बघतो. तो काळ्या आभाळातला लाल मोटारीचा गेम परवा मी पुन्हा लावला. रस्ता होता! आवाज होता! दुभाषी एवढा तयार झालाय, की मोठमोठ्या कंपन्यांचे विंडोजसाठी केलेले गेम लिनक्सवर घरच्यासारखे चालतात, हातात मावणारी खेळाची यंत्रं लिनक्सवर निघतात, आणि ती खेळणाऱ्या पोरांना लिनक्स हा शब्दही माहीत नसतो. माझ्या मते जिंकणं म्हणतात ते हेच. काही ऑनलाइन सामन्यांच्या दारात अजून राखणदार उभा असतो, लबाडी पकडायला, आणि तो आमच्याकडच्या, म्हणजे लिनक्सवरच्या माणसाला आत घेत नाही. दारात गर्दी वाढली की तोही बाजूला होईल. बाजारात गिऱ्हाईक दिसल्यावर कुठल्या व्यापाऱ्याला दुभाषी नको असतो? पण माझा जीव अडकलाय तो छोट्यांत. घरच्या डब्यावर, फुकटच्या हत्यारांनी, आपल्या शिवारातला गेम करणाऱ्या पोरीपोरांत. त्यांना माझा एकच सल्ला असतो: स्पीकर लावायच्या आधी दार लावा.

तो पहिला डबा कधीच गेला. त्याची डिस्क मी काढून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात लावत आलो. ती हाकेची फाइल दर वेळी कुणाची परवानगी न मागता उघडली. आमच्या नव्या गेममध्ये तीच आहे, आज पडद्यावर शेरडांना कान असले आणि त्यावर ठिपके असले तरी.

आप्पा आता थकलेत. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून आवाज नाही, नुसती वाफ येते. शेरडं सहाच ठेवलीत, कवडीच्या वंशातली. जवळ असली तर ती त्यांच्या हाताशी येतात, पण लांब गेली तर आप्पा टाळ्या वाजवत उभे राहतात आणि ती येत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मी तसलंच हातात मावणारं खेळाचं यंत्र घेऊन गावाकडं गेलो, त्यांना गेम दाखवायला. दारापुढं बाजेवर आम्ही बसलो होतो, शेरडं पार बांधाच्या टोकाला. मी बटण दाखवलं. आप्पांनी, करारावर उठवला होता त्याच अंगठ्यानं, ते दाबलं.

"ह्येऽऽऽ ये ये ये! कवडेऽऽ!"

बांधावरच्या तीन जुन्या शेळ्यांनी माना वर केल्या. एक चालायला लागली, मग दुसरी, आणि मग ज्यांनी ती हाक जन्मात ऐकली नव्हती ती करडंसुद्धा त्यांच्यामागं उड्या मारत आली. सहाही येऊन आप्पांच्या गुडघ्यांना भिडली. आप्पा बराच वेळ त्यांच्याकडं, मग यंत्राकडं बघत राहिले. मग त्यांनी यंत्राला सुतळीचा फास केला, गळ्यात अडकवलं, आणि काठी घेऊन माळाकडं निघाले.

"आप्पा," मी मागनं म्हणालो, "ते मला कामाला लागतंय."

त्यांनी वळून बघितलं. ओठ हलले, आवाज नव्हताच, पण मला नीट कळलं.

"मला बी."